आमची वाटचाल: पहिलं पॉलिशर हातात घेतलं तेव्हापासून

सुरुवातीला आम्ही दोघे भाऊ फक्त गाड्या धुवायचो. मन लावून धुवायचो, पण गाडी उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा चमकायच्या. मालक विचारायचे, "हे निघत नाही का?" हाताने पॉलिश घासून आमचे खांदे भरून यायचे आणि रेषा होत्या तिथेच राहायच्या. म्हणून पैसे साठवून पॉलिश करायचं मशीन, म्हणजे पॉलिशर घेतलं. रोटरी घेतलं, म्हणजे ज्याचं फोमचं पॅड नुसतं गोल फिरतं ते, कारण काम झटपट होतं असं ऐकलं होतं.

भंगारातून आणलेल्या बॉनेटवर दोन दिवस सराव केला. सपाट पत्र्यावर सगळं सोपं वाटलं. तिसऱ्या दिवशी घरच्या जुन्या निळ्या गाडीचं दार घेतलं. दाराच्या मधोमध एक धारदार उठाव होता, त्यावरून पॅड नेताना माझं मनगट किंचित कललं. जेमतेम दोन-तीन सेकंद. जळका वास आला, मशीन उचललं, तर पांढऱ्या फोमवर निळा डाग! क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, संपून खालचा रंग निघाला होता. त्या कडेवर बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा उरला. तो कोणत्याही पॉलिशने भरून येणार नव्हता; दार पुन्हा रंगवणं एवढाच उपाय होता.

त्या दिवशी कळलं ते आजवर आमच्या धंद्याच्या मुळाशी आहे. पॉलिशर गाडीला चमक लावत नाही, ते रंग कापतं. ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. हा थर बहुतेक गाड्यांवर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. त्यात कडांवर तो आणखी पातळ, कारण ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो. पॅडचा सगळा भार आणि उष्णता नेमकी तिथेच एकवटते. तेव्हापासून कडा, रबर आणि प्लास्टिकच्या पट्ट्या मास्किंग टेपने झाकल्याशिवाय आमच्याकडे मशीन चालू होत नाही.

मग ड्युअल ॲक्शन घेतलं. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि झोकेही घेतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं. पॅड ज्यावर बसतं त्या तबकडीच्या, म्हणजे बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवली की ती फिरतेय की नाही हे काम करताना दिसतं. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. रोटरी वाईट नाही, खोल कामाला आम्ही आजही वापरतो, पण हातून झालेली चूक ती माफ करत नाही.

पैसे घेऊन केलेल्या पहिल्या कामाने दुसरा धडा दिला. काळी गाडी होती. संध्याकाळी दिली तेव्हा आरशासारखी दिसत होती, मालक खूश. तीन-चार वेळा धुऊन झाल्यावर ते परत आले, तर निम्म्या रेषा पुन्हा हजर. पॉलिशमधल्या तेलाने त्या नुसत्या झाकल्या होत्या. मला फार लाज वाटली. गाडी पुन्हा घेतली, मोफत केली. आता प्रत्येक टप्प्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पातळ मिश्रण मारून तेल पुसतो आणि दिवा तिरका धरून पाहतो. जे उरतं तेच खरं.

आमची पद्धत अशी बसत गेली. आधी नीट धुणं, मग क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी फिरवणं, कारण रुतलेला एक कण पॅडखाली आला तर नवे ओरखडे आम्हीच पाडू. मग बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा आखून चाचणी, सगळ्यात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने. तेवढ्याने भागलं नाही तरच एक पायरी वर. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, पॅड सपाट, आडवे-उभे हात, प्रत्येक हात आधीच्या निम्म्यावर चढलेला. आणि हात हळू! पॅड भरलं की ब्रशने साफ. घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आलं तेव्हापासून नाही म्हणायची हिंमतही आली. एका गाडीच्या छतावर बाकीच्या पत्र्यापेक्षा खूपच कमी आकडा दिसला. आधी कुणीतरी भरपूर घासलं होतं. धाकट्याने मालकांना आकडे दाखवून सांगितलं, "दादा, हा ओरखडा राहू द्या. काढला तर उन्हात क्लिअर कोट सोलेल." काम गेलं. नंतर त्यांनीच दुसरी गाडी आणली.

नवीन मुलगा कामाला लागला की त्याला ते भंगारातलं बॉनेट मिळतं. पहिला दिवस मशीन बंद ठेवून नुसता हात फिरवायचा. मग मधोमध टेप लावून एक बाजू करायची, तेल पुसायचं, टेप काढायची आणि बॉनेट दोघांनी उचलून उन्हात न्यायचं.