ड्रममधली कोंबडी

ड्रम फोडला की आतून भाजलेली अख्खी कोंबडी निघायची. रस्त्याच्या मधोमध, दोन गुंड अजून उभे, तिसरा नुकताच आडवा झालेला, आणि त्यांच्यात ही कोंबडी. तिच्यावर उभं राहून बटण दाबलं की वरची पट्टी भरायची. पट्टी म्हणजे लाइफ. ती कुणी भरायची यावरून आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात जी भांडणं झाली, तेवढी त्या व्हिडिओ गेमच्या मशीनमधल्या गुंडांशीही झाली नसतील.

खेळ होता 'फायनल फाइट'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९८९ साली काढलेला. आमच्याकडे पोचेपर्यंत तो जगात जुना झाला असणार, पण आम्हाला काय त्याचं! गोष्ट अशी की मेट्रो सिटी नावाच्या शहराचा महापौर हॅगर, पूर्वाश्रमीचा कुस्तीगीर. त्याच्या पोरीला गुंडांची टोळी पळवून नेते. मग हा महापौर फिर्याद, निवेदन, चौकशी समिती असल्या भानगडीत न पडता उघड्या अंगानं रस्त्यावर उतरतो आणि गुंडांना उलटं धरून डोक्यावर आपटतो. नगरपालिकेच्या निवडणुका बघत वाढलेल्या आम्हा पोरांना असला नगराध्यक्ष फार आवडला. सोबतीला कोडी आणि गाय नावाचे दोघे लढवय्ये होतेच, पण दोन दोस्त खेळायला उभे राहिले की पहिली हाणामारी 'हॅगर कोण घेणार' इथूनच सुरू व्हायची.

आमच्यात एक माळकरी घरातला होता. गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात घरी कांदा-लसूण बंद. तो कोंबडी उचलत नसे. गेममधलं चालतं, ती खरी थोडीच आहे, असं बाकीच्यांनी कितीदा तरी समजावलं. त्याचं एकच उत्तर, "मग गुंड तरी कुठं खरे आहेत? ते मारतोच ना?" या युक्तिवादात काय चुकलंय ते मला अजून सापडलेलं नाही. त्याला फळं चालायची. खेळात सफरचंद, द्राक्षं, केळी निघायची, पण त्यांनी पट्टी कोंबडीइतकी भरत नाही. साहजिकच त्याच्याबरोबर खेळायला आमची रांग लागायची.

केळ्याचं मात्र मला वाईट वाटतं. रावेर-यावलकडून केळी भरून निघालेले ट्रक बघत आमचं बालपण गेलं. पाहुणा आला की फणी पुढं, पाहुणा निघाला की फणी पिशवीत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि त्या जपान्यांनी मात्र केळ्याला जेमतेम एका बुक्कीची भरपाई होईल एवढीच किंमत दिलेली. आमच्या जिल्ह्यातल्या कुणी हा खेळ बनवला असता तर केळं खाल्ल्यावर पट्टी पडद्याबाहेर गेली असती. आणि बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणाऱ्या थोरल्या गुंडाच्या, अलीकडे भरीत-भाकरीचं ताट ठेवलं असतं, ते वेगळंच.

हे सगळं चालायचं स्टँडामागच्या बोळातल्या एका खोलीत. वर पत्रा, आत मशीनं, दाराला गोणपाटाचा पडदा. वैशाखात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना आम्ही त्या पत्र्याखाली जाऊन उभे राहायचो, यावरून नादाची कल्पना यावी. एक पंखा होता, पण त्याचं तोंड मशीनच्या पाठीकडे. "मशीन तापस, तू तापना तं घर जाय," असं आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे मालक. लाकडी खुर्ची, मांडीवर पेपर, कान मात्र बटणांकडे. कुणी जोरात बटण हाणलं की पेपरातून मान वर न काढता आवाज यायचा, "अय, हळू मार! फुकटना माल शे का?"

आप्पांचं खरं कसब दुपारी दिसायचं. गल्ल्यात भर पडेनाशी झाली की ते मशीनचं मागचं फळकूट काढायचे, आतला हिरवा बोर्ड ओढून घ्यायचे, त्याच्या पितळी दातांवर शाळेचं खोडरबर घासायचे आणि दुसरा बोर्ड खोचायचे. संध्याकाळी त्याच खोक्यात वेगळा खेळ! आम्हाला ही जादू वाटायची. पुढं कळलं की जपानी कंपन्यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'जामा' नावाची ५६ पिनांची एक सामायिक जोडणी ठरवून घेतली होती. कुणाचाही बोर्ड कुणाच्याही खोक्यात बसावा, मालकाला नवं मशीन घ्यावं लागू नये. आपल्याकडे आलेले बरेचसे बोर्ड नकली असायचे, पण पिना तेवढ्याच. नकल करणाऱ्यांनीही नियम पाळला होता.

असाच एका दुपारी खोडरबर फिरलं आणि मुस्तफा आला.

कंपनीनं त्याचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' ठेवलं होतं. १९९३चा, कॅपकॉमचाच. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिक्सवरून केलेला. पण त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव मुस्तफा, डोक्यावर पिवळी टोपी, पळत जाऊन हवेतून अशी लाथ मारायचा की गुंड पडद्याच्या कडेला जाऊन पडे. बस्स, नाव ठरलं. साऱ्या देशात पोरांनी या खेळाला मुस्तफाच म्हटलं, हे मला नोकरीसाठी बाहेर पडल्यावर कळलं. तोवर वाटायचं की ही अमळनेरचीच मिरास आहे. जॅक सगळ्यात बेताचा, मेस अंगानं आडदांड आणि तितकाच मंद, आणि हॅना चपळ. हॅना घ्यायला पोरं लाजायची. मला विचाराल तर हॅना घेणारा पोरगाच खरा खेळाडू, कारण तो लोक काय म्हणतील याचा विचार न करता बॉसचा विचार करायचा.

मुस्तफात डायनासोर होते, बंदुका होत्या, तिसऱ्या स्टेजला लांबलचक कॅडिलॅक चालवत गुंड उडवायचे होते. पण या जातीच्या सगळ्याच खेळांची खरी गंमत दोन गोष्टींत होती. पहिली रस्त्याच्या रुंदीत. माणूस नुसता डावी-उजवीकडे जात नाही, वर-खालीही सरकतो. गुंडाच्या समोरून चालत गेलात तर मार खाल. जरा वरच्या रेषेत राहून जवळ जायचं, ऐनवेळी त्याच्या रेषेत उतरायचं आणि हाणायचं. फायनल फाइटमध्ये याहून मोठी युक्ती होती. दोन बुक्क्या समोर, मग हळूच वळून एक बुक्की हवेत, पुन्हा समोर दोन. गुंड उभ्या उभ्या मार खात राहायचा, पडायचाच नाही आणि उलटही मारायचा नाही. हे आमच्यात पहिल्यांदा ज्यानं शोधलं, त्याला पुढं गणितात कधी धड मार्क मिळाले नाहीत. मास्तरांनी त्याला बुक्क्यांत गणित विचारायला हवं होतं.

दुसरी गोष्ट पडद्याची. दोघं खेळत असाल तर दोघांनीही पुढं गेल्याशिवाय पडदा सरकत नाही. एक जण उजव्या कडेला जाऊन कितीही पाय आपटो, दुसरा डाव्या कडेला मार खात असेल तर पुढचा रस्ता उघडतच नाही. वर ते बोट 'गो, गो' म्हणून लुकलुकत असतं, घड्याळ उतरत असतं, आणि तुम्ही मागच्याच्या नावानं ओरडत परत फिरता. यातूनच सगळं राजकारण जन्माला यायचं. मागं राहिलेला मुद्दाम मागं राहिलाय का? त्याला ड्रम दिसलाय का? पट्टी संपत आलेल्या दोस्तासाठी कोंबडी सोडायची, की "मी जगलो तरच तू जगशील" हे तत्त्वज्ञान सांगत स्वतः गिळायची? मागं उभ्या गर्दीतून सल्ले सुरूच, "मांगे ये रे, मांगे!" "बंदूक उचल!" "त्याले खाऊ दे, तुन्ही भरेल शे!" खेळणारे दोन, शिकवणारे दहा, आणि पैसे फक्त दोघांचे. खिशात दमडी नसलेला पोरगाच सर्वांत कडक समीक्षक असे.

बटणं दोनच होती, मार आणि उडी. दोन्ही एकदम दाबली की स्पेशल. भोवतीचे सगळे गुंड उडायचे, पण आपलीही पट्टी थोडी उतरायची. ही लबाडी मला नंतर उमगली. हे खेळ मुळात नाणं खाण्यासाठीच रचलेले होते. माणूस दोन-तीन मिनिटांत मरावा, पण आणखी एक रुपया टाकला तर या वेळी नक्की जमेल असं वाटत मरावा, हा त्यातला हिशेब. फायनल फाइटमध्ये मेल्यावर तर तुमच्या माणसाला बांधून पुढ्यात पेटलेला सुरुंग ठेवायचे आणि आकडे उलटे मोजायचे. नऊ, आठ, सात. त्या वातीकडे बघत कित्येक पोरांनी घरचे दळणाचे पैसे आप्पांच्या गल्ल्यात घातलेत. गॅसच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीत दिली की फुकट कॉइन पडतं, अशीही विद्या कानावर होती. पण आप्पांसमोर तिचा प्रयोग करायची छाती कुणाची नव्हती. "तुन्हा बापले सांगसू" ही धमकी त्यांच्या तोंडी सदैव तयार असायची, आणि अमळनेर एवढंही मोठं नाही की ती पोकळ ठरावी.

लाइट जाणं हा सर्वांत मोठा बॉस. चौथ्या स्टेजपर्यंत पोचलेला डाव, गर्दी श्वास रोखून उभी, आणि खोलीभर काळोख. मग पैसे परत मागणाऱ्यांना आप्पांचं ठरलेलं उत्तर, "लाइट काय मन्हा हातमां शे का?" यावर बोलायला काही उरत नसे.

'डबल ड्रॅगन'चं एवढ्यासाठी सांगतो की तो या सगळ्यांचा थोरला. टेक्नोस या जपानी कंपनीचा, १९८७चा. त्याच्या आदल्या वर्षी याच दिग्दर्शकानं, योशिहिसा किशिमोतोनं, स्वतःच्या शाळकरी मारामाऱ्यांच्या आठवणींवरून एक खेळ केला होता. म्हणजे तिकडंही मूळ शाळेच्या मागच्या गल्लीतच. पण डबल ड्रॅगनचा शेवट मला कधीच पटला नाही. दोघं जोडीनं सगळे गुंड संपवतात आणि मग पोरगी कुणाची यासाठी खेळ त्या दोघांनाच एकमेकांसमोर उभं करतो. कोंबडीवरून भांडणं वेगळं आणि हे वेगळं. आमच्या खोलीत एकदा तो प्रसंग आला, तेव्हा दोघंही मशीनसमोर हात खाली सोडून उभे राहिले आणि घड्याळ संपू दिलं. आप्पांनी पेपरातून डोकं वर काढल्याचं मला आठवतं ते फक्त तेवढ्या वेळीच.

आता हे सगळं मोबाइलवर मिळतं. २०१८ साली कॅपकॉमनं अशा खेळांचा एक संच पुन्हा बाजारात आणला, त्यात फायनल फाइट आहे, मुस्तफा नाही. तो घरच्या कन्सोलवर कधीच आला नाही. म्हणजे आम्हाला तो जिथं भेटला तिथंच तो होता. नकली बोर्डांसारखे नकली मार्ग आहेत म्हणा, आणि त्यांत कॉइनचं बटण हवं तेवढं दाबता येतं. मी दाबून बघितलं. अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपला, शेवटचा बॉस डॉक्टर फेसेंडेनही पाहून झाला, आणि मी उठून भाजी आणायला गेलो.

मुस्तफा खरं तर तिघांनी खेळायचा. पण जामाच्या त्या ५६ पिनांत दोनच खेळाडूंची सोय असते, तिसऱ्यासाठी वेगळी वायर ओढावी लागते, आणि आप्पांच्या खोक्याला हँडलं दोनच होती. त्यामुळे पडद्यावर तिसऱ्याची जागा कायम रिकामी आणि आमच्यातला एक कायम मागं उभा. बहुतेक वेळा माळकरीच, कारण तो भांडत नसे.

वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. त्याच वाळूत पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची दुकानं, आणि एका वर्षी, ताडपत्रीच्या तंबूत, तीन हँडलांचं मुस्तफा. जनरेटरवर चालणारं, म्हणजे लाइट जायची भीती नाही. आम्ही तिघं रथाच्या दर्शनाच्या नावाखाली घरून निघालेलो. माळकऱ्यानं आधी खरंच दर्शन घेतलं, आम्हालाही घ्यायला लावलं, मग तंबूत शिरला आणि सरळ हॅना घेतली.

दोन्ही हातांत सुरे घेऊन येणाऱ्या बुचर नावाच्या बॉसपर्यंत आम्ही पोचलो. आधी मी मेलो, मग दुसरा. माळकरी एकटा बराच वेळ टिकला. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी ओरडत होतो, आणि त्याला पहिल्यांदाच शिकवणारं काही आमच्याकडे नव्हतं. खिशातले रुपये संपले होते. तो पडला तेव्हा पडद्यावर आकड्यांची यादी आली आणि मशीननं नाव विचारलं. तीनच अक्षरं, तीही इंग्रजी. पोरं तिथं घाईघाईत काहीतरी दाबून मोकळी व्हायची. त्यानं मात्र हँडल शांतपणे फिरवत एकेक अक्षर लावलं. आर. के. एच.

"राज कपूर का रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"राम कृष्ण हरी," तो म्हणाला, आणि तंबूवाल्यानं पुढच्या तिघांना आत घेतलं.