वाफ नसलेले आठ टॉवर

लंडनचे चार दिवस एका ओळीत संपवते: पाऊस लागला, पाय दुखले आणि धड चहा कुठेच मिळाला नाही. पाचव्या दिवशी सेंट पँक्रसहून नॉटिंगहॅमच्या गाडीत बसले. मामेभाऊ मला न्यायला ईस्ट मिडलंड्स पार्कवे नावाच्या स्टेशनवर येणार होता. 'गावात शिरायला नको, इथं पार्किंग सोपं पडतं.' सोपं त्याला. मी उतरून फोन केला तेव्हा साहेब अजून घरीच होते.

नाव केवढं भारी, पण स्टेशन म्हणजे शेतात टाकलेला फलाट आणि शेजारी मोटारींचं मैदान. एप्रिल असूनही वारा कानशिलात मारल्यासारखा लागत होता. माझं स्वेटर बॅगेत तळाशी. (कुणी सांगितलं 'तिकडे आता उन्हाळा', तर ऐकू नका. मी ऐकलं.) मनातल्या मनात भावाचा उद्धार करत मान वर केली आणि पुढची शिवी तशीच राहिली. स्टेशनला अगदी खेटून, अंगावर येतील असे आठ कूलिंग टॉवर. मधे 199 मीटरची चिमणी. आणि सगळं गार.

हे रॅटक्लिफ-ऑन-सोर. 1968 पासून चाललेलं 2000 मेगावॉटचं औष्णिक केंद्र. 30 सप्टेंबर 2024 ला ते बंद झालं आणि ब्रिटनची कोळशावरची वीज संपली. मी इथं येण्याच्या आदल्याच दिवशी लंडनात होलबर्न व्हायडक्ट नावाच्या पुलावरून भिजत चालले होते. 1882 साली एडिसनचं कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र तिथंच सुरू झालं होतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर निदान दोन मिनिटं थांबले असते. म्हणजे 142 वर्षं चाललेलं प्रकरण मी दोन दिवसांत दोन्ही टोकांनी पाहिलं, आणि त्यातलं एक टोक छत्री सावरण्याच्या नादात हुकलं.

मी चंद्रपूरची. तिथल्या औष्णिक केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. रात्री झोपेत प्लांटची घरघर थांबली की बाबा उठून बसायचे: 'युनिट ट्रिप झालं.' आई सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी ओल्या फडक्यानं तिची पानं पुसायची. फडकं काळं व्हायचं. उन्हाळ्यात 46-47 अंशांचं फुकटचं ऊन, पण आमच्या गच्चीवर कुरडया कधी पडल्या नाहीत. त्यावर राखेची कणी बसते म्हणून आई पीठ घेऊन मूल गावी मावशीकडे जायची. आणि मी 'टॉवरमधून धूर निघतोय' म्हटलं की बाबा दर वेळी दुरुस्त करायचे, 'धूर चिमणीतून निघतो. टॉवरमधून निघते ती वाफ.'

इथं धूरही नव्हता, वाफही नव्हती. टॉवरच्या तळाचे तिरके खांब तेवढे दिसत होते. एरवी तिथून पाणी कोसळल्याचा आवाज यायचा. आता वाऱ्याचाच येत होता.

फोटो काढत होते तर फलाटावरचे एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. 'लोक आता फार फोटो काढतात.' मी सांगितलं, माझे वडील अशाच ठिकाणी नोकरीला होते. त्यांनी देश विचारला नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, 'किती मेगावॉट?'

'2920.'

त्यांनी हलकीशी शीळ घातली. 'चालू आहे?'

'चालू आहे.'

ते इथंच होते, टर्बाइनवर, निवृत्त होईपर्यंत. शेवटची कोळशाची गाडी 2024 च्या जूनमध्ये आली तेव्हा पुलावर उभं राहून त्यांनी ती पाहिली होती. आता दोन वर्षं आतलं सामान निघेल, मग टॉवर पाडतील, म्हणाले. बंद झालं ते बरंच झालं, असंही म्हणाले. पण हे म्हणताना नजर टॉवरवरून हलली नाही. तेवढ्यात त्यांची गाडी आली. डिझेलची, धडधडत.

तासाभरानं भाऊ आला, इलेक्ट्रिक मोटार घेऊन, चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही. 'पाहिलंस? संपवला आम्ही कोळसा!' आम्ही! तो इथं येऊन सहा वर्षं झाली. मग वाटभर आकडे: 2012 साली इथली सुमारे 40 टक्के वीज कोळशावर होती, 2013 पासून कार्बन सोडण्यावर जादा कर बसला आणि कोळसा परवडेना, आता 30 टक्क्यांच्या आसपास वीज नुसत्या वाऱ्यावर. आकडे खरेच आहेत आणि मलाही ते पटतात. तुळशीची पानं पुसायला लागू नयेत, असं मला वाटणार नाही तर कुणाला? पण त्याचा तो विजयी सूर नको वाटला. बाबांचं दोन नंबरचं 210 मेगावॉटचं युनिट मोडीत निघालं तेव्हा ते दोन दिवस जेवताना बोलले नव्हते. आणि आमच्याकडे तर कोळसा संपलाही नाही. जुनी दोन युनिटं गेली, 500-500 ची दोन नवी आली. यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्रात कोळशाऐवजी अमेरिकेहून बोटीनं आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळतात आणि तीही वीज हरित धरतात, हे मी त्याला मुद्दाम ऐकवलं. पुढची दहा मिनिटं मोटारीत शांतता.

नॉटिंगहॅमचा किल्ला वगैरे झालं. भावजयीनं साबुदाण्याची खिचडी केली होती, तिला सगळं माफ.

रात्री बाबांना फोटो पाठवले. लगेच व्हिडिओ कॉल. चष्मा कपाळावर, फोन नाकाला.

'पाणी कुठून घेत होते?'

'ट्रेंट नदीतून.'

'म्हणजे बारमाही. आपल्या इरई धरणासारखं उन्हाळ्यात पाण्याकडे बघत बसायला नको.' मग बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले. 'आठही बंद?'

'आठही.'

मागून आईचा आवाज आला, 'मग आता तिथल्या बायकांना गच्चीवर कुरडया घालता येतील.'

बाबा तिच्याकडे वळून म्हणाले, 'अगं, ऊन कुठाय तिकडे?'