पूररेषा डोक्यावर

पेज, ॲरिझोना. शुक्रवार रात्र.

आजचा अर्धा दिवस अँटिलोप कॅन्यनच्या टूरमध्ये गेला. आधी लोअर अँटिलोप, मग त्याच पॅकेजमध्ये जवळची दुसरी, कमी गर्दीची घळ. बाबा आत्ताच झोपले, म्हणून लिहायला बसले आहे.

सकाळी पहिला गोंधळ घड्याळाचा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो या इथल्या मूळ जमातीचा स्वतःचा प्रदेश करतो. त्यामुळे पेजच्या बाहेर पडलं की मोबाईल मनाला येईल तेव्हा एक तास पुढे उडी मारतो. टूर मात्र पेजच्या वेळेनेच चालते. बाबांनी मनगटावरचं जुनं एचएमटी दाखवून "हे कुठेही उडी मारत नाही" असं ऐकवलंच.

इथे गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही. जमीन नवाहो नेशनची, गाईडही नवाहोच. पाठीवर सॅक नाही, ट्रायपॉड नाही, फक्त मोबाईल आणि पाण्याची बाटली. आमची गाईड चोवीस-पंचवीसची मुलगी, तोंडाने फटकळ आणि कामात चोख. सपाट लाल माळावरून चालत गेलो तर समोर काहीच दिसेना. अगदी जवळ गेल्यावर कळलं, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते तशी एक भेग आहे आणि आपल्याला तिच्यात उतरायचंय. लोखंडी जिने चांगलेच उभे आहेत. बाबा तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरी चाचपत उतरले आणि खाली पोहोचल्यावर म्हणाले, "सांदणला दोर लावून उतरलो होतो गं. हे तर व्हीआयपी आहे." सांदण म्हणजे आपली सह्याद्रीतली अशीच अरुंद घळ.

खाली गार होतं. सगळ्यांच्या माना वर आणि मोबाईल त्याहून वर. गाईडने प्रत्येकाचा फोन मागून घेतला, फिल्टर बदलून जरा उबदार केला आणि परत दिला. त्यानंतर सगळ्यांचे फोटो पेटल्यासारखे केशरी. डोळ्यांना दिसतो तो रंग बराच मवाळ आहे: फिका गुलाबी, विटकरी, वळणाच्या आत तर जांभळट करडा. मला तोच जास्त आवडला, पण तो फोटोत येत नाही. इथे बाईच्या केसांसारखा दगड, तिथे सिंहाचं तोंड, असं दाखवत दाखवत तांडा पुढे सरकतो. मागचा ग्रुप टाचेला लागलेला असतो, थांबायची सोय नाही. एवढे डॉलर मोजून दर्शनाच्या रांगेत असल्यासारखं पुढे ढकललं जायचं हे मला खटकलं.

बाबा मात्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी सिंह पाहिलाच नाही. एका वळणावर त्यांनी माझा दंड धरून वर बोट दाखवलं. दोन भिंतींच्या मध्ये, आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर, एक ओंडका आडवा अडकला होता. साल पार सोललेली, टोकाला वाळका काटकचरा गुंडाळलेला.

"पूररेषा," बाबा म्हणाले.

त्यानंतर मला भिंती वेगळ्याच दिसायला लागल्या. हा नवाहो सँडस्टोन, १८-१९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्यांचा झालेला दगड. भिंतीवरच्या तिरक्या रेघा म्हणजे तेव्हाच्या वाऱ्याने रचलेले वाळूचे थर, आणि तांबडेपणा लोहाचा. बोट फिरवलं तर कण हाताला लागतात. पुराचं पाणी याच वाळूचा पॉलिश पेपर घेऊन खाली धावतं आणि भेग खोल करत जातं. आपल्या सांदणचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे वयाने बराच धाकटा, पण अंगाने किती कणखर. इथला दगड म्हातारा आणि मऊ.

बाहेर आल्यावर बाबांनी गाईडला १९९७ बद्दल विचारलं. तोवर हसतखेळत बोलणारी ती मुलगी सावकाश बोलायला लागली. १२ ऑगस्टला याच लोअर अँटिलोपमध्ये लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. इथे पाऊस जवळजवळ नव्हताच, वादळ कोसळलं ते काही मैल वर. त्या वेळच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या. आजचे जिने दगडात बोल्टने आवळलेले आहेत, वरून खाली सोडायची जाळी तयार असते आणि हवामानाचा रेडिओ चालू असतो. २००६ च्या पुरानंतर लोअर अँटिलोप पाच महिने बंद होतं. गाईडची सक्ती बघून सकाळी मी "पैसे काढायचे धंदे" असं पुटपुटले होते. वर काय शिजतंय ते आत उतरलेल्याला कळत नाही, आणि ते कळणारं कुणीतरी बरोबर हवं, एवढं साधं कारण आहे त्यामागे.

दुसऱ्या घळीत आम्ही मोजकेच होतो. जिने नाहीत, सुंदर वळणंही कमी, पण थांबता आलं. बाबा वाळूत फतकल मारून बसले आणि तळाची वाळू मुठीत घेऊन खालचा ओलावा दाखवत राहिले. गाईडला ते फार आवडलं. तिने तिच्या आजीच्या मेंढ्यांचं काहीबाही सांगितलं, बाबांनी मराठी-इंग्रजीत पाणलोट क्षेत्र समजावलं. दोघांचं नेमकं किती एकमेकांना कळलं, देव जाणे.

उद्या युटाच्या हद्दीत वायर पासला जायचं ठरलं होतं. तिथेही अशीच अरुंद घळ, पण गाईड नाही, आपलं आपण जायचं. परमिटही काढून ठेवलं होतं. जेवताना बाबांनी अंदाज पाहायला लावला. वायर पासला ऊन आहे, पण वर उत्तरेला दुपारी गडगडाट. मी म्हटलं, "बाबा, सकाळी लवकर जाऊन येऊ की."

"पाण्याचा येवा कुठून येतो ते बघ आधी," म्हणाले, आणि विषय मिटला. परमिटचे पैसे बुडाले. उद्या ग्लेन कॅन्यन धरण बघायचं. ७१० फूट उंच आहे म्हणे, आणि बाबांनी सांडव्याबद्दलचे प्रश्न आजच कागदावर लिहून ठेवलेत.