मोट कोणी शिवली?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी एकच विषय: आपल्या पूर्वजांकडे सगळं होतं. विमानं होती, अणू फोडता येत होता, माणसं शंभर वर्षं जगायची आणि आजारी तर कोणी पडायचंच नाही. काका हे पाठवतात, खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. विमानांचं म्हणाल तर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मंडळींनी 1974 सालीच 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातले आराखडे तपासले. एकही उडणारं नाही, आणि ग्रंथही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मी नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप चालवतो, उभं आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळे माझा प्रश्न साधा असतो. बेअरिंग कशाचं होतं? वंगण कोण घालायचं? खरं यंत्र म्हटलं की ते बिघडतं आणि दुरुस्त करणारा माणूस लागतो. काकांच्या विमानाला तो कधीच नसतो.

पूर्वजांची हुशारी बघायचीच असेल तर विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची मोट बघावी.

आजीच्या घरी, सिन्नरकडे, विहिरीवर मोट होती. माझ्या लहानपणी ती बंद पडून इंजिन आलं होतं, पण धाव म्हणजे बैलांची वाट, थारोळं म्हणजे पाणी पडायचा हौद, वरचं चाक सगळं जागेवर होतं आणि आजोबा कौतुकानं समजावून सांगायचे. चामड्याची मोठी पिशवी, खाली हत्तीसारखी लांब सोंड. तोंडाला जाड नाडा, तो वरच्या चाकावरून जायचा. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, त्याला सोल म्हणायचे, ती खालच्या लाकडी रुळावरून. दोन्ही दोर एकाच जोखडाला. मोट विहिरीतून वर येताना सोंड दुमडून वर धरलेली असायची, म्हणून पाणी सांडत नसे. तोंड वर पोचलं की सोंडेचं टोक रुळावरून बाहेर थारोळ्यात ओढलं जायचं आणि शे-दीडशे लिटर पाणी आपसूक रिकामं. मोट ओतायला विहिरीच्या काठावर माणूस उभा करायची गरज नाही. सगळी करामत सोलीच्या लांबीत. वीतभर चुकली तर पाणी परत विहिरीत. शिवाय धाव उताराची, म्हणजे ओझं ओढताना बैलांचं स्वतःचं वजनही कामाला येतं. हा हिशेब कागदावर कोणी मांडला नव्हता. पण मी कॅममध्ये, लिंकेजमध्ये इतकी वर्षं घालवली आहेत. असं काही बघितलं की हात जोडावेसे वाटतात, खरोखरचे.

आता गंमत अशी की, काकांना मोटेचा फोटो पाठवला तर तेही हळवे होतात. मोटेवरची गाणी, बैलांच्या घुंगरांचा आवाज, काय ते दिवस! त्या दिवसांत काकांच्या वाट्याला बैल हाकणं कधी आलं नव्हतं, ते शाळेसाठी नाशकात होते. आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. उन्हाळ्यात पहाट व्हायच्या आत मोट धरायची, बैल उलटे चालवत वर आणायचे, पुन्हा खाली. इंजिन आलं त्या दिवशी तिनं त्याला हळदीकुंकू लावलं होतं. मोटेसाठी तिनं कधी उसासा टाकल्याचं मला आठवत नाही.

आणि ती मोट शिवली कोणी? कातडं कमावलं ढोरांनी, शिवलं चांभारांनी, नाडा वळला मांगांनी. त्यांनी केलेलं कातडं आणि दोर रोज विहिरीच्या पाण्यात बुडायचे, पाणी बाटायचं नाही. तोच माणूस घागर घेऊन आला की बाटायचं. सोलीचा हिशेब ज्याच्या बोटांत होता त्याला विहिरीची पायरी बंद. 2 मार्च 1930 ला आपल्याच नाशकात काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आजी परकर-पोलक्यात असेल. ग्रुपवरच्या सुवर्णयुगाची हद्द पार तिच्या लहानपणापर्यंत येऊन पोचते, आणि यातलं काहीच त्यात नसतं.

बरं, जुनंच हवं तर फार लांब जायलाही नको. हायवेवरून पांडवलेणी दिसतात. 10 क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला, म्हणजे तिसऱ्या शतकातला, एक लेख कोरलेला आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनं गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, पैसे कायमचे ठेवले, व्याजावर खर्च चालावा म्हणून. त्यातली एक श्रेणी 'ओदयंत्रिकां'ची, म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची. त्यांच्याकडे 2000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कुलरिकांच्या (बहुधा कुंभारांच्या) श्रेणीकडे 1000, तेल गाळणाऱ्यांकडेही काही रक्कम. ओदयंत्रिक नक्की काय बनवायचे यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत, कोणी पाणी उचलायचं यंत्र म्हणतं, कोणी घटिकायंत्र, म्हणजे पाण्याचं घड्याळ. पण एखाद्या बाईनं अशा कारागिरांकडे एवढी ठेव ठेवावी, म्हणजे त्यांचा धंदा पक्का होता, ऑर्डरी येत होत्या, शब्द पाळला जात होता. अंबडच्या आमच्या गल्लीत आजही एवढी पत असलेले चारच सापडतील.

लेखातल्या ओदयंत्रिकांच्या ओळीचा फोटो मी ग्रुपवर टाकला. काका खूश. "बघ, म्हणत होतो ना!" मग मी लेखाचा उरलेला भाग पाठवला: ती ठेव कशासाठी, तर त्रिरश्मी, म्हणजे याच लेण्यांच्या डोंगरावरच्या विहारात राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. त्यावर अजून कोणाचे हात जोडून आलेले नाहीत.