चौदाची सतरा

परवा दुपारी कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर पडलो आणि बघतो तर शेजाऱ्याची १९६६ची पॉन्टिॲक जीटीओ चार स्टँडवर उचललेली, चाकं गायब, आणि ड्राइव्हवेत खोक्यांतून अर्धवट डोकावणारी चार कोरी ॲलॉय व्हील्स. सतरा इंची. पोटात उगाच कालवलं. गाडी माझी नाही, पैसा माझा नाही, माझ्या दारात आपली होंडा उभी असते. पण त्या जीटीओची चाकं मी येताजाता बघत आलोय, चौदा इंची, त्यावर गुबगुबीत टायर आणि टायरवर बारीकशी लाल पट्टी, आणि ती बघितली की दिवस बरा जातो असं माझं आपलं एक आहे.

आम्ही राहतो बर्कलीत, डेट्रॉइटच्या वरच्या अंगाला, वुडवर्ड ॲव्हेन्यूपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हा रस्ता डेट्रॉइटच्या नदीकाठून निघतो तो थेट पॉन्टिॲक गावापर्यंत जातो. गावाच्या नावाची गाड्यांची कंपनी २०१० मध्ये बंद झाली, पण गाड्या कुठे जातात, त्या अजून इथेच फिरतात. साठच्या दशकात याच वुडवर्डवर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, आणि त्यात गाड्या बनवणारे इंजिनियरसुद्धा असायचे म्हणतात. शेजारी त्यातला नाही, तो तेव्हा शाळेत होता, पण बोलतो असा की वाटावं सगळ्या शर्यती यानेच लावल्या.

मला बघून तो म्हणाला, ये, टेपचं दुसरं टोक धर. धरलं. चाक पालथं ठेवायचं, म्हणजे आतली बाजू वर, त्यावर एक सरळ पट्टी आडवी टाकायची आणि चाक हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते बोल्टने बसतं त्याला, टेकतं त्या जागेपासून पट्टीपर्यंत मोजायचं. हे बॅकस्पेसिंग. साडेचार इंच भरलं. हे जास्त झालं तर चाक आत घुसून सस्पेन्शनला घासणार, कमी झालं तर बाहेर येऊन फेंडरच्या, म्हणजे मडगार्डच्या, कडेला घासणार, आणि सगळा खेळ बोटभर जागेत. मग एक चाक चढवून त्याने गाडी खाली घेतली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि मला सांगितलं की आत हात घालून बघ. मी टायर आणि फेंडरच्या मध्ये बोटं सरकवली, तिथे त्या पत्र्याची आत दुमडलेली कड असते, धारदार, साठ वर्षांची माती आणि रंगाचे पापुद्रे चिकटलेली. दोन बोटं गेली, तिसरं अडकलं. म्हणाला बास, पुरे. काही लोक ती कड दाबून सपाट करतात, बेसबॉलची बॅट टायर आणि फेंडरच्या मध्ये घालून गाडी हळूहळू ढकलतात. ऐकूनच अंगावर काटा आला.

आणि मला आठवले आमचे साताऱ्याचे मामा. त्यांची जुनी महिंद्रा जीप होती, नव्वदच्या दशकातली गोष्ट, आणि गावात कुणीतरी रुंद टायर टाकले म्हणून मामांनापण टाकायचे होते. तयार रिम मिळणार कुठून, मग एका वेल्डिंगवाल्याकडून रिम कापून मध्ये पट्टी जोडून रुंद करून घेतल्या. बॅकस्पेसिंग वगैरे मामांच्या गावीही नव्हतं, त्यांनी मोजलं काय असेल तर चौकातल्या लोकांच्या नजरा. चाकं मडगार्डच्या चांगली चार बोटं बाहेर. जीप दिसायची जोरदार, खोटं कशाला बोला. पण मडगार्ड कशासाठी असतं हे कळलं ते वाईला लग्नाला जाताना, ज्येष्ठातला पहिला पाऊस, उघडी जीप, पुढे मामा, शेजारी मामी मोरपंखी शालू नेसून, मागे आम्ही पोरं आणि आजी. पुढच्या चाकांनी जो चिखल उचलला तो सरळ आत. मामी एका बाजूने पूर्ण तपकिरी. मामा वेग कमी करेनात कारण मुहूर्त गाठायचा होता, आणि जितका वेग तितका चिखल. मांडवाच्या दारात उतरल्यावर आजी शांतपणे म्हणाली, आता नवरीला हळद लावू नका म्हणावं, आम्ही रंगूनच आलोय. मामी त्यानंतर कित्येक महिने जीपमध्ये बसली नाही. मामा आजतागायत म्हणतात, रस्ता वाईट होता.

असो, मुद्दा चाकांचा. यात गंमत अशी आहे की चाक मोठं केलं तरी गाडी उंच होत नाही. चौदा इंची रिमवर २१५/७० चा, म्हणजे २१५ मिलिमीटर रुंद आणि भिंत रुंदीच्या ७० टक्के असा टायर असेल तर बाहेरून मोजलं की साधारण ६५७ मिलिमीटर भरतो, आणि सतरा इंचीवर २४५/४५ टाकला तर ६५२. म्हणजे जवळजवळ तेवढंच, स्पीडोमीटरलाही फारसा पत्ता लागत नाही. बदलतं ते मधलं. टायरची भिंत पंधरा सेंटिमीटरची अकरा होते, रबर कमी आणि धातू जास्त. नेमकं हेच मला खटकतं. ती जुनी गाडी त्या जाड रबरावर अशी आरामात बसलेली असते, आणि पातळ टायर घातला की मला ती कोल्हापुरी चपलेला हील लावल्यासारखी दिसते. नवी व्हील्स घाटाने जुनीच होती हां, पाच स्पोकची, अमेरिकन रेसिंगच्या टॉर्क थ्रस्टसारखी, ते डिझाइन १९६३ चं. पण तेव्हा ती चौदा-पंधरा इंचाची असायची, आता ओढून ताणून सतरा, अठरा, वीस. पांढऱ्या अक्षरांचे टायरपण शोधायला जा, चौदा-पंधरात मिळतात, त्याच्या वर गेलात की दुर्मिळ.

शिवाय मिशिगनचे रस्ते. हिवाळ्यात पाणी भेगांत शिरतं, गोठतं, फुगतं, मार्चमध्ये वितळतं आणि डांबराचे खड्डे होतात ते पुण्याच्या माणसालाही ओळखीचे वाटावेत असे. पातळ टायर त्यात आपटला की रिमच वाकते. पण शेजारी म्हणतो मार्चमध्ये जीटीओ बाहेर काढतो कोण. यावर मी काय बोलणार.

आमच्या बाबांची पद्मिनीपण चौदा इंची चाकांवरच चालायची. तिचं इंजिन चाळीसेक घोड्यांचं आणि या जीटीओचं कंपनीच्या कागदावर ३३५ घोड्यांचं, आणि दोघींना चाकं त्याच मापाची, हे माझ्या डोक्यात आधी कधी आलंच नव्हतं. मी हे शेजाऱ्याला कौतुकाने सांगितलं. तो हसला नाही. जुन्या चाकामागचा ब्रेक दाखवला. ड्रम. पुढे ड्रम, मागे ड्रम, साडेनऊ इंची. डिस्क ब्रेक जीटीओला १९६७ पासून मिळायला लागले, तेही फक्त पुढे आणि वर पैसे मोजून. म्हणजे ३३५ घोडे आणि थांबवायला हे. एकदा जोरात दाबला तर थांबते, म्हणाला, लगेच दुसऱ्यांदा दाबला तर ड्रम तापलेले असतात आणि मग नशीब. तेरा इंची डिस्क बसवायची तर चौदाच्या चाकात ती मावतच नाही, सतरा लागतंच. आमच्या मराठी मंडळातला एक मित्र ब्रेकमध्येच काम करतो, त्यालाही नंतर विचारलं, तो म्हणाला तुझा शेजारी शहाणा आहे.

आणि मग शेजारी सहज म्हणाला की नातू सोळाचा झालाय, लायसन्स आलंय, गाडी त्यालाच द्यायचीय. शेजाऱ्याच्या स्वतःच्या वर्गातला एक मुलगा सिग्नलला थांबला नाही, म्हणजे थांबू शकला नाही, ते १९६८ साल होतं. एवढंच बोलला आणि पाना शोधायला आत गेला. नट आवळताना मी टॉर्च धरून उभा होतो, हीलबिल काही बोललो नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांचा मेळा, असतो, १९९५ पासून चालू आहे, आम्ही फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतो, डब्यात चिवडा असतो. मी गाडीचं नाव नंतर बघतो, आधी चाकं. मागच्या खेपेला एक सत्तरच्या दशकातली कॅप्रिस आली, मायामीकडे करतात तशी, चाकं माझ्या मुलीच्या छातीला लागतील एवढी, गाडी जमिनीपासून हे एवढी वर, रंग जांभळा. मी नाक मुरडलं. मुलगी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. ड्रायव्हरने तिच्याकडे बघून हॉर्न दिला. आता तिला कोण सांगणार, आणि का.

जीटीओची जुनी चारही चाकं लाल पट्टीच्या टायरसकट शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये पडून आहेत. विकणार का, असं मी विचारलं. बायको म्हणाली, लावणार कशाला? होंडाला लागणार नाहीत, बोल्टचं अंतर वेगळं, आणि आपल्या गाडीचे ब्रेक चौदाच्या रिममध्ये मावायचेही नाहीत, तेवढं आता मलाही कळतं. ठेवायला जागा नाही, हेही खरं. भाव मात्र विचारून ठेवलाय.