आप्पांचे मागणे

वाशीतील एका डायलिसिस केंद्रात मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून घ्यावे लागते. पुढच्या वर्षाचा विचार कोणीच बोलून दाखवत नाही. ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, ते गृहस्थ गेली चार वर्षे मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारच्या पाळीला येतात. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात त्यांनी माथाडी म्हणून २२ वर्षे गोण्या वाहिल्या. आता त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. सुई लावण्यापूर्वी मी तिथे तीन बोटे टेकवते, तेव्हा कातडीखाली रक्ताची सलग थरथर जाणवते. ती लागली की माझा जीव भांड्यात पडतो, कारण ती थांबली तर रुग्णाची रक्तवाट बंद झाली असे समजावे लागते.

आप्पा माळकरी आहेत. बटाटा, रताळे, शेंगदाणे, खजूर हे उपवासाचे पदार्थ पोटॅशियमने भरलेले असतात आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचे हृदय ते बंद पाडू शकतात, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितले होते. त्यांनी ते मुकाट्याने ऐकले आणि तेव्हापासून एकादशीला ते वाटीभर भगरीवर राहतात. दिवसभराचे पाणी ते अर्ध्या लिटरच्या एकाच बाटलीत भरून ठेवतात. बाटली संपली की पाणी संपले. देवावर भार टाकलेला माणूस इतका काटेकोर असू शकतो, हे मी त्यांच्याकडे पाहूनच शिकले.

घरात मूत्रपिंड देऊ शकेल असे कोणी नसल्यामुळे मृत दात्याकडून मिळणाऱ्या अवयवाच्या प्रतीक्षायादीत त्यांचे नाव होते. गेल्या आषाढातल्या एका गुरुवारी, त्यांच्या डायलिसिसचा दुसरा तास चालू असताना, रुग्णालयाच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. एक मूत्रपिंड उपलब्ध होत होते, आप्पांचा रक्तगट जुळत होता आणि यादीत ते दुसरे होते. रक्त पातळ ठेवणारे हेपरिन ताबडतोब बंद करा, त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका आणि डायलिसिस संपताच पाठवून द्या, असे त्यांनी मला सांगितले. हेपरिनचा पंप बंद करताना माझाच हात कापत होता.

आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, त्या वेळी आप्पांच्या वाटणीची वारी करायला दिंडीबरोबर गेल्या होत्या आणि पालखी फलटणला पोहोचली होती. दिवसाआड यंत्रावर यावे लागत असल्यामुळे आप्पांची पायी वारी चार वर्षांपूर्वीच सुटली होती. काकूंना बोलावून घेऊ का, असे मी विचारले. "नको ताई, तिची वाट मोडू नका," एवढेच ते म्हणाले. मुलगा कामासाठी परराज्यात होता, म्हणून पाळी संपल्यावर मीच त्यांच्याबरोबर रिक्षाने रुग्णालयात गेले.

पहिल्या रुग्णाचे आणि आप्पांचे रक्त क्रॉसमॅचसाठी गेले. दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये रुग्णाच्या रक्तात आहेत का, हे त्या चाचणीत पाहतात. पहिल्या रुग्णाची चाचणी पॉझिटिव्ह आली तरच मूत्रपिंड आप्पांना मिळणार होते. निकालाला काही तास लागतात. आम्ही बाकावर बसून राहिलो. आप्पा जिंकले तर कार्ल्याच्या एकवीरा आईची ओटी भरीन, असा नवस मी मनातल्या मनात बोलून टाकला होता. ते "जिंकणे" हा शब्द माझाच होता. मग मी आप्पांनाही म्हणाले, "आज पांडुरंगाकडे नीट मागून घ्या."

ते बराच वेळ माळेचा एकच मणी बोटांत फिरवत राहिले. "काय मागू, ताई? किडनी मिळू दे म्हणायचं, म्हणजे कुणाच्या तरी घरातलं माणूस जाऊ दे म्हणायचं. ते तोंडातून निघत नाही. म्हणून मी मागायचंच सोडलं. त्याला म्हणतो, तुला ठाऊक आहे. किती दिवस ठेवायचं ते तू बघ, मी माझं पाणी मोजून पितो."

दात्याचा मेंदूमृत्यू जाहीर करण्यापूर्वी चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी करायची असते, हे मला अभ्यासक्रमातच शिकवले होते. त्या सहा तासांत दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात एक घर असेच बाकावर बसलेले असते, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते. मी एकवीरा आईची क्षमा मागितली आणि त्या घराला बळ दे, एवढेच म्हटले.

रात्री सव्वादोनला समन्वयक मॅडम आल्या. पहिल्या रुग्णाची चाचणी निगेटिव्ह होती. मूत्रपिंड त्याला जाणार होते. आप्पांनी त्यांना हात जोडले आणि विचारले, "आता पाणी घेऊ का?" बाटलीत दोन घोट शिल्लक होते, ते त्यांनी सावकाश घेतले. कोपरखैरणेच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि घर येईपर्यंत ते पुसतच राहिले. ज्याचा विश्वास पक्का त्याला दुःख होत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या रिक्षात बसायला हवे होते.

शनिवारी ते नेहमीच्या वेळेला आले. वजन दीड किलोने वाढले होते, म्हणजे पाणी मोजूनच प्यायले होते. खाटेवर आडवे होऊन त्यांनी हात पुढे केला आणि हळूच विचारले, "त्या माणसाला लघवी झाली का हो?" नवे मूत्रपिंड रुजल्याची पहिली खूण तीच असते, आणि आप्पांना स्वतःला लघवी होऊन तीन वर्षे उलटली होती. मला ते कळलेले नव्हते आणि कळले असते तरी सांगायची परवानगी नव्हती.

"झाली असेल," ते स्वतःच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी फिस्टुलावर बोटे टेकवली. थरथर लागत होती.