आईची काच

“म्हणजे मधे उतरता येतं?” आईने चष्मा काढून विचारलं.

आज दादरला, जेवणं झाल्यावर, तिचं मुंबई-दोहा-बोस्टन तिकीट काढत होते. बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की एकाच तिकिटावर दोह्यात २ रात्री राहता येतं. २४ तासांच्या वर थांबलं की तो स्टॉपओव्हर. बॅगा मात्र तिथे उतरवून घ्यायच्या. सूक वाकिफचा बाजार, समुद्रकाठचं इस्लामी कलेचं म्युझियम, सगळं दाखवलं.

ती हळूच म्हणाली, “गेल्या तिन्ही खेपांना मी तिथे काचेला नाक लावून बसले होते गं. लांबवर उंच इमारती दिसायच्या.”

तीन खेपा. तिकिटं मीच काढलेली, दरवेळी सगळ्यात कमी वेळाच्या थांब्याची, तिला त्रास नको म्हणून. तिला विचारलंच नाही.

आता कालनिर्णयवर तिने पेनाने लिहिलंय, ‘दोहा, २ रात्री’. खाली दोन रेघा.

तुम्ही विचारलंय कधी आईबाबांना?